ग्रंथपालाचे काम

तुम्हाला आता वाचता येऊ लागले. पुढे काय? पुढे वाचनालय! तिथे पुस्तके देणाऱ्या माणसाला ग्रंथपाल म्हणतात. आज त्याच्या कामाविषयी चार शब्द सांगणार आहोत.

कोणी म्हणेल, "पुस्तक काढून द्यायचे, त्यात शिकायचे काय?" आम्हीही असेच म्हणत होतो. आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेचे पुस्तकांचे कपाट आमच्या ताब्यात होते. पुस्तके फाटतील, हरवतील, म्हणून आम्ही त्याला कुलूप घातले. किल्ली आमच्या खिशात! पावसाळा संपल्यावर उघडून पाहतो, तो आत वाळवी. निम्मी पुस्तके खाऊन टाकलेली. मुलांनी वाचली असती, तर फार तर चार पाने फाटली असती. चूक आमचीच होती.

पुढे आम्ही डॉ. रंगनाथन यांच्याविषयी वाचले. ते मद्रासचे गणिताचे शिक्षक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. पहिलाच नियम असा, की पुस्तके कोंडून ठेवायची नसतात, वापरायची असतात. त्याच साली तिकडे मन्नारगुडी येथे बैलगाडीतून खेड्यांत पुस्तके जाऊ लागली. पाहा, पुस्तकच माणसाच्या दारी गेले!

ग्रंथपालाला काय काय यावे लागते? नवे पुस्तक आले, की वहीत त्याची नोंद करायची. त्याला क्रमांकाची चिठ्ठी लावायची. शेतीची पुस्तके एकीकडे, आरोग्याची दुसरीकडे, अशी लावायची. वाण्याला जिरे कुठे, हळद कुठे, हे अंधारातही सापडते ना? तसेच हे. कोणी काय नेले, ते लिहायचे. ओल आणि वाळवी यांवर नजर ठेवायची. याचे रीतसर शिक्षण मिळते. आता पुष्कळ ठिकाणी नोंदी संगणकावर करतात, तेही शिकावे लागते.

पण सर्वांत मोठे कसब म्हणजे माणूस ओळखणे. नुकतीच वाचायला शिकलेली बाई दारात येते, संकोचते. तिला जाडजूड ग्रंथ दिला, तर ती पुन्हा येणार नाही. आलेली अक्षरेही विसरेल. मोठ्या अक्षरांचे लहान पुस्तक दिले, तर आठ दिवसांत दुसरे मागायला येईल. म्हणून चांगला ग्रंथपाल आधी विचारतो, "बाई, तुम्हाला कशाविषयी वाचायला आवडेल?"

तेव्हा मंडळी, वाचनालयात जायला लाजू नका. तुमच्या मुलामुलींना पुस्तकांची आवड असेल, आणि माणसांचीही असेल, तर त्यांनी हे काम जरूर शिकावे.

आणि कुठे पुस्तकांच्या कपाटाला कुलूप दिसले, तर किल्ली मागा. आमच्याकडे कोणी मागितली नाही, हेच वाईट झाले.