हृदयाचा आगाऊ ठोका
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं शरीराविषयीं बोलणें कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्या मावळांतील अनेक वृद्ध मंडळी मला विचारतात, "फादर, काळीज मध्येंच थांबतें आणि एकदम धडकतें, माझे दिवस भरले काय?" गेल्या वर्षीं कार्ल्याच्या लेण्यांच्या पायऱ्या चढून आल्यावर मींही तेंच अनुभवलें, व त्या रात्रीं भयानें झोप लागली नाहीं. पुढें डॉक्टरांकडून जें समजलें तें आपणांपुढें ठेवतों.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांस अलिंद म्हणतात. उजव्या अलिंदांत प्रत्येक ठोक्याचा आरंभ करणारी एक सूक्ष्म गांठ आहे. कीथ व फ्लॅक या शास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. कधीं कधीं अलिंदांतील दुसरीच एखादी जागा तिच्याआधीं इशारा देते. घंटा वाजविणाऱ्याच्या आधींच दुसऱ्या कोणीं दोर ओढावा, तसें हें होय. त्या आगाऊ ठोक्यानंतर क्षणभर विराम पडतो, त्यांत हृदय अधिक भरतें, आणि पुढील ठोका जोरानें जाणवतो.

असे तुरळक ठोके बहुतेक सर्वांस येतात व वयाबरोबर वाढतात. जागरण, चिंता, तंबाखू व मद्य यांनींही ते वाढूं शकतात. हृदय निरोगी असल्यास बहुधा औषध लागत नाहीं.

तथापि ते वारंवार येऊं लागल्यास उपेक्षा करूं नये. कोपनहेगन येथें ५५ ते ७५ वयाच्या, हृदयरोग नसलेल्या ६७८ माणसांची तपासणी झाली. निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस ताशीं ३० वा अधिक, अथवा ओळीनें २० वा अधिक असे ठोके पडत, त्यांच्यांत पुढें मृत्यु वा पक्षाघात, तसेंच अलिंदांचें अनियमित कंपन, अधिक आढळलें. कांपणाऱ्या अलिंदांत रक्त साकळूं शकतें. ती गुठळी मेंदूंत गेली म्हणजे पक्षाघात होतो. लहानपणीं सांधेज्वर होऊन ज्यांची हृदयाची झडप बिघडली आहे, त्यांनीं विशेष सावध असावें.

साधा आलेख कांहीं क्षणांचाच असतो. म्हणून डॉक्टर २४ तास अंगावर ठेवावयाचें होल्टर यंत्र सुचवितात. त्यासाठीं लोणावळ्याहून पुण्यास जावें लागलें, तरी कंटाळा करूं नये. रक्त पातळ करणारें औषध मात्र आपल्या मनानें घेऊं नये. शुद्ध हरपली, छातींत कळ आली, तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला वा बोबडी वळली, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

माझे ठोके तुरळक व निरुपद्रवी निघाले. जें भय मीं कित्येक दिवस उराशीं बाळगलें, तें एका तपासणीनें गेलें. आपणही भिऊन बसूं नका, आणि अंगावर काढूंही नका. परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य देवो.