रंगमंचामागच्या रोहिणीताई

नर्तकीची कारकीर्द आपण तिच्या कार्यक्रमांवरून मोजतो. श्रोतेहो, कथक नर्तकी रोहिणी भाटे यांच्या बाबतीत हे माप तोकडं पडतं. 1924 साली पाटण्यात जन्मलेल्या रोहिणीताईंनी 1947 मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ ही कथकची संस्था सुरू केली. पांढरपेशा घरातल्या मुलीनं पायांत घुंगरू बांधणं तेव्हा सहज पचणारं नव्हतं, आणि कथकची मोठी घराणी तर लखनौ-जयपूरची. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या गुरूंकडून घेतलेली विद्या पुण्यात रुजवायची, तर केवळ मैफली गाजवून भागणार नव्हतं. त्यासाठी वर्ग हवा, अभ्यासक्रम हवा, मराठीत नृत्याबद्दल बोलणारी भाषा हवी. म्हणूनच त्यांनी लिहिलं: ‘लहजा’ हे आत्मपर पुस्तक आणि इसाडोरा डंकनच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवादही. कथकच्या नर्तकीला पाश्चात्त्य बंडखोर नर्तकी जवळची वाटावी, हे मला फार बोलकं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, नाच अखेर मंचावरच सिद्ध होतो. पुस्तकं लिहून कुणी नर्तकी होत नाही. खरंच आहे. पण कालिदासाचं ‘ऋतुसंहार’ कथकमधून मांडायचं, तर शब्दाचा अर्थ, छंद आणि ताल यांचा मेळ आधी टेबलाशी बसूनच जुळवावा लागतो. मंचावर दिसतं ते त्या बैठकीचं फळ. 1979 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2008 मध्ये त्या गेल्या. पुण्यात कथकचे वर्ग आजही भरतात.