कलते चाक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



साहित्य-संगीताच्या पंक्तीस मोटारीचे चाक आणून बसविण्याची मुभा आपण दिलीत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय या शहराला परका नाही. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यती होत. पुढे १९९० साली श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर रेस ट्रॅक सुरू झाला. आपल्यातील काही तरुण ज्या गाडीने तेथे सकाळी फेऱ्या मारतात, त्याच गाडीने सायंकाळी महामार्गावरून घरी येतात. आमच्या बोलण्याचे निमित्त ही परतीची वाट आहे.

पुढील चाकाच्या ठेवणीत तीन कोन येतात. समोरून पाहता चाक आत वा बाहेर कलले आहे, तो कॅम्बर. वरून पाहता दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांकडे वळली आहेत की दूर, तो टो. आणि चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे किती रेलला आहे, तो कॅस्टर. यांना संस्कृतप्रचुर नावे देण्याचा खटाटोप कोणी केला नाही, हे बरेच झाले; गॅरेजमधील तमिळ फिटर आणि आम्ही याच शब्दांवर एकमेकांस समजतो.

वळणावर गाडीचे धड बाहेरच्या बाजूस झुकते आणि बराचसा भार बाहेरच्या चाकावर येतो. हे चाक उभे असताना सरळ असेल, तर वळणावर ते बाहेर कलते आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर चालू लागते. टायरचा जमिनीला टेकणारा भाग तळहाताएवढा. त्यातलाही अर्धा निकामी झाला तर पकड कोठून यावी? यास्तव चाकाचा माथा आधीच आत कलवून ठेवावयाचा. गॅरेजात ते वाकडे दिसते ते वळणावर सरळ उभे राहावे म्हणूनच. रस्त्यावरील गाडीस एखादा अंश पुरतो. ट्रॅकवर चिकट टायर असतील तर दोन ते तीन अंशांपर्यंत जावे लागते.

उदाहरणादाखल १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ घेऊ. ही दोन आसनी गाडी आपल्याकडे अधिकृतपणे विकली गेली नाही. तथापि हे शास्त्र समजून घेण्यास तिच्याइतकी प्रांजळ गाडी विरळा. तिच्या पुढील खालच्या दांडीस दोन विकेंद्री बोल्ट आहेत. दोन्ही सारखे फिरविले की दांडी बाहेर सरकते व कॅम्बर वाढतो. एकच फिरविला तर कॅस्टरही बदलतो. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांत कारखान्याने केवळ टो बदलण्याची सोय ठेवलेली असते, हे येथेच सांगून ठेवतो.

मोजणीस गवंड्याचा ओळंबा पुरतो. रिम १४ इंची असेल तर वरची व खालची कड यांत सुमारे ६ मिलिमीटरांचा फरक म्हणजे एक अंश. मात्र जमीन समपातळीत हवी, टायरांतील हवा नेमकी हवी आणि चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाची वाळूची पोती हवीत. जॅकवरून उतरविलेली गाडी चार हात पुढेमागे ढकलून मगच मोजावी; आणि दांडीचे बोल्ट शेवटी आवळावयाचे ते गाडी चाकांवर उभी असताना, एरवी रबरी बुश पिळवटून राहतात.

आता टो, आणि आमच्या मते खरा धोका येथेच आहे. कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो. स्टिअरिंगची दांडी चाकाच्या मध्यापुढे असेल तर चाके आत वळतात, मागे असेल तर बाहेर. म्हणून टो नेहमी सर्वांत शेवटी. गाडीच्या दोन्ही अंगांस समांतर दोऱ्या ताणाव्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासूनचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. एक मिलिमीटरचा फरक म्हणजे त्याच रिमवर अंशाचा जेमतेम सहावा भाग. पण टायर झिजविण्यास तो पुरेसा आहे. कलत्या चाकाने आतली कड झिजते असे सर्रास म्हटले जाते. आमच्या पाहण्यात तिचा फडशा पाडतो तो बहुधा टो. किंचित बाहेर वळलेली चाके गाडीस वळणात चटकन शिरवतात, हे खरे. परंतु तीच गाडी महामार्गावर चरांचा माग काढीत भरकटते, आणि पावसात जोराने ब्रेक लावताना ती कोणत्या बाजूस ओढेल याचा भरवसा नसतो. ट्रॅकवरून त्याच टायरांवर घरी येणाऱ्याने टो शून्यावर ठेवावा. वळणात गमावलेला क्षणभराचा वेळ गमावू द्यावा.

ठेवण बरोबर आहे की नाही, हे टायर सांगते. फेरीवरून येताच, टायर निवण्यापूर्वी, त्याचे तापमान आत, मध्ये व बाहेर अशा तीन ठिकाणी सुईच्या तापमापकाने घ्यावे. बाहेरची कड सर्वांत तापलेली असेल तर कॅम्बर कमी पडतो. मध्यभाग तापला असेल तर हवा जास्त आहे. उजवी वळणे अधिक असलेल्या ट्रॅकवर डावे चाक जास्त राबते, तेव्हा वाचन त्याचे आधी.

सकाळी बोल्ट सैल करण्यापूर्वी त्यांच्या डोक्यावर व शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. सायंकाळी रेघेस रेघ जुळविली की कॅम्बर रस्त्याच्या ठेवणीवर येतो. त्यानंतर दोऱ्या पुन्हा ताणून टो मोजावा, आणि मगच गाडी फाटकाबाहेर काढावी.