पेट्रोलचा वास ही नोटीस समजा



कुर्ल्याला घडलेली प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पण तिने अंधेरी-घाटकोपरच्या मेकॅनिकांना दिलेला धडा आजही खरा आहे. वास आला की तो कुठे आणि केव्हा येतो, हे आधी पाहावे. टाकी भरल्यावर आला, तर झाकणाचे रबर तपासावे. बॉनेटखाली आला, तर नळ्या आणि क्लिपा. कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटची सुई नीट बसली नाही, की पेट्रोल ओसंडते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला खाते. तेथे चिकटपट्टी चालत नाही, नळीच बदलावी लागते. आजच्या गाडीत पेट्रोल मोठ्या दाबाने वाहते, म्हणून तेथे स्वतः हात घालू नये.

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांतही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यात साचते. त्या खड्ड्यात कोण उभा असतो? रोजंदारीवरचा हेल्पर. पेट्रोलमधले बेंझीन रक्ताचा कर्करोग घडवू शकते, आणि ते श्वासावाटे त्याच्याच अंगात जाते. तेव्हा वास येताच इंजिन बंद करा, काडी ओढू नका, आणि गाडी खड्ड्यावर चढण्यापूर्वी त्या हेल्परला सांगा. खड्ड्यात खेळती हवा आणि हातांत मोजे हा त्याचा हक्क आहे. तो मागताना गिऱ्हाईकानेही त्याच्या बाजूने उभे राहावे, एवढेच माझे मागणे.