जुनी गाडी आणि नवे पेट्रोल



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. ऐकणारे कंटाळले नाहीत तरी बोलणारे कधीकधी कंटाळतात. म्हणून आज जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर हा विषय घेतला आहे. या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलणाऱ्या विद्वानांच्या मागून, पेट्रोलचा वास येणारे हात घेऊन उभे राहणे अवघड आहे खरे. पण मंडपाबाहेर तीन-चार जुन्या बुलेट आणि एक येझदी उभी असलेली आम्ही येताना पाहिली. निदान तेवढे श्रोते तरी आमचे आहेत.

आणखी एक खुलासा. आम्ही म्हणतो तेव्हा तो एकट्या वक्त्याचा डौल समजू नये. युनियनच्या कचेरीमागे पत्र्याची एक शेड आहे. तेथे रविवारी फिटर, टर्नर, मोल्डर अशी आठ-दहा माणसे जमतात आणि सभासदांच्या जुन्या गाड्या उभ्या करतात. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण या माणसांनी आणि जुन्या बाजारातल्या माहितीपुस्तकांनी केले. आज सांगणार ते या सगळ्यांचे मिळून आहे.

बुलेट पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे बनू लागली. त्या गाडीच्या कार्बोरेटरची भोके ज्या पेट्रोलसाठी पाडली होती, ते पेट्रोल आज पंपावर मिळत नाही. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. मग इथेनॉल आले, म्हणजे मुख्यतः उसाच्या मळीपासून, रसापासून आणि पुढे धान्यापासूनही काढलेले मद्यार्क. २०१३-१४ साली त्याचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. २०२२ च्या जूनमध्ये ते दहा टक्क्यांवर गेले. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते अलीकडे ओढले आणि २०२५ साली गाठले. म्हणजे गाडी तीच, रस्ता तोच, मालकही तोच. टाकीत पडणारा पदार्थ मात्र बदलला.

इथेनॉलचे आम्ही वैरी नाही. साखर कारखान्यांत आमची माणसे आहेत. आसवनी चालली तर उसाचे बिल वेळेवर निघते आणि कामगारांचा थकलेला पगारही सुटतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. परंतु एका हाताने मिळाले म्हणून दुसऱ्या हाताने काय जाते ते मोजू नये, असे कोठे लिहिले आहे? निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे की दहा टक्क्यांच्या बेताने लावलेल्या दुचाकीचे ॲव्हरेज वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर तीन-चार टक्क्यांनी घटेल. महिन्याला तीस लिटर जाळणाऱ्या माणसाला सुमारे एक लिटर जास्त लागेल. ज्याला ॲव्हरेजवर महिना भागवावा लागतो, त्याला हा एक लिटर दिसतो.

आता यंत्राकडे वळू. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला लागते नऊ किलो. वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास. नव्या गाडीला हे आपोआप कळते. २०२० च्या एप्रिलपासून भारत टप्पा सहाचे नियम आले आणि बुलेटवरही इंधन फवारणारी यंत्रणा बसली. धुराच्या नळीतील प्राणवायू मोजून ती पेट्रोल कमीजास्त करते. जुन्या कार्बोरेटरला असले नाक नाही. तो पूर्वीइतकीच हवा ओढतो, पूर्वीइतकेच इंधन सोडतो, आणि मिश्रण पातळ पडते. गाडी थंडीत किक खाते, मूठ पिळली की आचके देते, चढावर तापते. दोन-स्ट्रोक येझदीत तर आत येणारे मिश्रणच पिस्टनला निववीत असते; तेथे पातळपणा फार झाला तर पिस्टन चिकटतो.

यावर बाजारातला उपाय म्हणजे मोठा जेट. मिस्त्री जुना जेट काढून त्यात तार फिरवतो आणि भोक मोठे करतो. हा प्रकार आम्हांला मुळीच मान्य नाही. ॲमलच्या जेटवर जो आकडा असतो तो त्यातून मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन वाहते याचा हिशेब असतो. तार फिरवली की आकडा खोटा ठरला. पुढच्या माणसाने काय वाचावे?

शिवाय जेट ही शेवटची गोष्ट आहे. सुरुवात टाकीपासून करावी. इथेनॉल जुना चिकटा सोडवते आणि हवेतील पाणी पिते. टाकीच्या तळाशी चाळीस वर्षांचा गंज व राळ बसलेली असते. नव्या पेट्रोलने ती सुटून कॉकमध्ये, तेथून जेटमध्ये येते. जेट कितीही बदला, आठवड्यात तो पुन्हा बंद. काहींनी पूर्वी टाकीला आतून लेप दिलेला असतो. त्यातले काही लेप इथेनॉलमध्ये मऊ होऊन साबणाच्या पापुद्र्यासारखे सुटतात. असा लेप सापडला तर तो पूर्ण काढावा, अर्धा ठेवू नये.

गंज काढण्यास लोक तेजाब वापरतात. आमच्या शेडमध्ये मळी वापरतात, कारखान्यातली साधी उसाची मळी. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, टाकी तोंडापर्यंत भरायची आणि पंधरा दिवस विसरून जायचे. वास असह्य येतो, शेजारी तक्रार करतात. पण लोखंड न खाता गंज सुटतो आणि हात भाजत नाहीत. नंतर टाकी धुऊन तत्काळ कोरडी करून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होते. कार्बोरेटर मात्र चुकूनही मळीत बुडवू नये. तो जस्ताच्या मिश्रधातूचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो आणि मळी त्याला खाते. ज्या मळीतून गाडीला छळणारे इथेनॉल निघते तीच मळी टाकी स्वच्छ करते, यावर आमच्या मोल्डरने एक म्हण केली आहे. ती या व्यासपीठावर सांगण्यासारखी नाही.

मग नळ्या. जुने रबर इथेनॉलमध्ये फुगते, मऊ पडते, वाळले की चिरते. बाहेरून नळी चांगली दिसते. वाकवून पाहिली की बारीक भेगा दिसतात. तिच्याखाली तापलेले इंजिन असते हे लक्षात घ्यावे. नळी, कॉकचा बूच, फ्लोटच्या सुईचे टोक, सगळ्या चकत्या नव्या घालाव्यात. फ्लोरोकार्बन रबर मिळाले तर उत्तम; बाजारात त्यास व्हायटन म्हणतात. महाग पडते. तेथे काटकसर करू नये, रंगात करावी.

तिसरी गोष्ट हवेची चोरी. ॲमलचा कार्बोरेटर दोन नटांवर इंजिनला बसतो. पन्नास वर्षांत प्रत्येक मिस्त्रीने ते नट जीव खाऊन आवळलेले असतात, त्यामुळे तोंडाची पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि मधून हवा शिरते. काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर ठेवून ती पट्टी सपाट होईतो घासावी. आतली स्लाइडही पहावी. ती झिजून खडखडत असेल तर बाजूने हवा येते. मग घर रीम करून पितळी बाही बसवणे किंवा नवी स्लाइड करणे हे टर्नरचे काम. गाडी चालू असताना सांध्यावर पाण्याचे थेंब सोडावेत. इंजिनचा आवाज बदलला तर चोर तेथे आहे. पुष्कळ ठिकाणी पेट्रोल शिंपडून हीच परीक्षा करतात. तसे करणाऱ्याच्या शेजारी आम्ही उभे राहत नाही.

एवढे झाल्यावर जेट. येथे एक साधी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मुख्य जेट कामाला लागतो तो मूठ पाऊण पिळल्यावर. पहिल्या अष्टमांशात पायलट जेटचे राज्य, त्यापुढे थोडे स्लाइडच्या कापाचे, आणि पाव ते पाऊण या टप्प्यात सुईचे. गावातून दूध घालणारा माणूस पाऊण मूठ पिळतो कधी? त्याची गाडी सुईवर चालते. तेव्हा त्याच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे सुई वर येते आणि इंधन वाढते. पायलटचा हवेचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने लावावा. घाटावर भार घेऊन जाणाऱ्याचा मुख्य जेट बदलावा. शंभराचा असेल तर एकशे पाच, फार तर एकशे दहा. हिशेबाने सात-आठ टक्के होतात, पण पुष्कळ जुन्या गाड्या मुळातच किंचित दाट मिश्रणावर लावलेल्या असत, म्हणून कमीपासून सुरुवात. प्लग पांढरा तर इंधन कमी, काजळलेला तर जास्त. एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत लिहावा. आमच्या शेडमध्ये प्रत्येक गाडीची वही आहे, हजेरीपटासारखी.

या कामावर एक आक्षेप नेहमी येतो. हौशी संग्राहक म्हणतात, तुम्ही गाडीचे मूळपण घालवता. या मंडळींविषयी आम्हांला आदर आहे. त्यांनी जपल्या नसत्या तर कितीतरी गाड्या भंगारात गेल्या असत्या. पण मूळ नळी, मूळ बूच, मूळ जेट ठेवून गाडी दिवाणखान्यात उभी करणे आणि ती रोज कामावर नेणे ही दोन निराळी आयुष्ये आहेत. आमचा एक सभासद, गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांतून घेतलेल्या बुलेटवर अजून भाजी आणतो. मूळ सुटे भाग डब्यात घालून, चिठ्ठी लावून आम्ही त्याच्या हवाली केले. त्याच्या नातवाला हवे तर तो परत बसवील.

आणि हौशी लोकांचे दुसरे एक अंग आम्हांला खटकते. टाकीच्या रंगावर, क्रोमवर हजारो रुपये जातात. कार्बोरेटर उघडून दोन दिवस कान लावून बसणाऱ्या पोराला मजुरी देताना मात्र घासाघीस होते, कारण त्याचे काम दिसत नाही. गॅरेजमधल्या या पोरांचे नाव कोठल्या हजेरीपटावर नसते. टाकी रिकामी करताना तो नळी तोंडात धरून पेट्रोल ओढतो. त्याचा गुरूही तसेच ओढीत असे, आणि त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे होते. शिसे गेले, पण बेंझिन आहे. त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे आता सिद्ध आहे. हातपंपाची रबरी नळी स्वस्तात मिळते. आमच्या शहरातल्या गॅरेजवाल्यांपुढे आम्ही तीन मागण्या ठेवल्या: तोंडाने पेट्रोल ओढणे बंद, हातमोजे मालकाच्या खर्चाने, आणि कार्बोरेटरच्या कामाची मजुरी बिलात निराळी लिहावी. पहिल्या दोन बऱ्याच जणांनी मान्य केल्या. तिसरीवर अजून बोलणी चालू आहेत. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून तो आकडा मागितलात तर ती लवकर संपतील.

पावसाळा तोंडावर आला आहे. ज्यांच्या गाड्या चार महिने उभ्या राहणार आहेत त्यांनी टाकीत अर्धेमुर्धे पेट्रोल ठेवू नये. रिकाम्या जागेतली दमट हवा इथेनॉल ओढून घेते, मर्यादा ओलांडली की पाणी व मद्यार्क तळाशी जाऊन बसतात, आणि कॉकचे तोंड तळाशीच असते. टाकी पूर्ण रिकामी करून वाळवा, कॉक बंद करा, फ्लोटच्या वाटीतले पेट्रोलही काढा. निघालेले पेट्रोल गटारात ओतू नका. गाळून घेऊन त्याच दिवशी एखाद्या चालत्या गाडीत घाला.