एका छपराखालची अनेक हवामाने

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. या उंचीमुळे तेथील उन्हाळा सौम्य असे, आणि जुन्या घरांना विजेच्या पंख्याचीदेखील फारशी गरज भासत नसे. परंतु २४ एप्रिल २०१६ रोजी याच शहरात ३९.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. आता तेथील कोरमंगलासारख्या वस्तीत वातानुकूलन यंत्र ही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मात्र यंत्राबरोबर एक तक्रारही घरात येते. एका खोलीत अंगावर शाल घ्यावी लागते आणि शेजारच्या खोलीत घाम पुसावा लागतो. एकाच छपराखाली असे का घडावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

उत्तर शोधण्यासाठी लहानात लहान घर विचारात घेणे सोयीचे होईल. चाकांवरचे घर, म्हणजेच कॅराव्हॅन, हे असे घर होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून हा शब्द मराठी वाचकालाही परका राहिलेला नाही. अशा वाहनात पुढे बैठक, मध्ये स्वयंपाकाचा ओटा आणि मागे शेज असते. छतावर यंत्र बसवितात आणि मोठ्या वाहनांत त्याची गार हवा छतातील नळीवाटे मागेपुढे नेतात. यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. म्हणून प्रत्येक खोलीत किती उष्णता शिरते आणि तेथे किती गार हवा पोचते, या दोन गोष्टींच्या ताळेबंदावर त्या खोलीचे तापमान ठरते.

पुढच्या बैठकीत मोठ्या काचेतून ऊन येते, ओट्यापाशी शेगडी पेटलेली असते, तर मागच्या खोलीला कदाचित सावली लाभलेली असते. हवा मात्र या गरजा ओळखत नाही. ज्या वाटेने अडथळा कमी, त्या वाटेने ती अधिक जाते. नळी लांब असली, तिला वळणे असली किंवा तिचे सांधे गळके असले, तर शेवटच्या खोलीस थोडाच वाटा मिळतो. दार लावून घेतल्यास प्रश्न आणखी बिकट होतो. आत आलेल्या हवेला परतण्याची वाट उरत नाही, त्यामुळे नवी हवाही आत शिरेनाशी होते. दाराखाली फट ठेवणे किंवा दारात जाळी बसविणे, हा साधा उपाय अशा वेळी मोठ्या यंत्रापेक्षा अधिक उपयोगी ठरतो. थर्मोस्टॅटची जागाही महत्त्वाची असते. तो ज्या खोलीत असेल तेथील तापमान तेवढे त्याला कळते. ती खोली गार झाली की तो यंत्र थांबवितो, मग इतर खोल्यांत काहीही होवो.

तथापि, खोल्यांच्या तापमानातील फरक हा नेहमी दोषच असतो काय? याचा विचार करायला लावणारी वास्तू कोरमंगलातच आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी १९८५ ते १९८८ या काळात तेथे घर व स्टुडिओ बांधला. आकाशाला खुला असलेला चौक हे त्या घराचे केंद्र होय. अशा चौकातून तापलेली हवा वर निघून जाते आणि सभोवतालच्या खोल्यांना उजेड व वारा मिळतो. त्यापूर्वी १९६६ ते १९६८ या काळात अहमदाबादच्या पारेख कुटुंबाच्या घरात त्यांनी अधिक धीट प्रयोग केला होता. त्या घराचा एक भाग उन्हाळ्यातील दुपारसाठी वर निमुळता होत जाणारा व बंदिस्त ठेवला. दुसरा भाग हिवाळ्यासाठी आणि उन्हाळ्यातील संध्याकाळसाठी आकाशाकडे उघडा केला. तेथे तापमान सारखे करण्याऐवजी माणसानेच वेळेप्रमाणे जागा बदलावी, अशी योजना होती. मराठी वाड्यातील जीवनक्रमही याहून वेगळा नव्हता. भर दुपारी माजघर, तिन्हीसांजेला अंगण आणि रात्री गच्ची, अशी माणसे घरातल्या घरात स्थलांतर करीत असत.

या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. जागा बदलण्याची मुभा सर्वांना सारखी नसे. माजघरात वामकुक्षी चालू असताना चुलीपुढे कोणीतरी बसलेलेच असे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला गच्ची गाठता येत नसे. यंत्राच्या युगात हा अन्याय आपोआप संपलेला नाही. थर्मोस्टॅट दिवाणखान्यात लावला जातो आणि स्वयंपाकघर त्याच्या हिशेबाबाहेर राहते. चाकांवरच्या घरात तर जागा बदलायला दुसरी जागाच नसते. तेथे नळीतील झडपांनी हवेचे वाटप करणे, काचांवर पडदे ओढणे आणि वाहन सावलीत उभे करणे, एवढेच हाती उरते.

म्हणून घराचे तापमान किती, हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या खोलीचे, कोणत्या वेळी आणि तेथे त्या वेळी कोण असते, हेही विचारले पाहिजे. घर बांधणाऱ्याने भिंतीची जाडी व खिडकीची दिशा ठरवितानाच त्याचे उत्तर शोधावे. राहत्या घरात मात्र एक साधा तापमापक घेऊन भर दुपारी सर्व खोल्यांतून हिंडावे, आणि आरंभ स्वयंपाकघरापासून करावा.