एका खेळासाठी किती तास?

एखादी वस्तू दोन देशांत एकाच किमतीला मिळते असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्याने बहुधा हिशेब अर्ध्यावर सोडलेला असतो. डॉलरचा भाव पाहिला, गुणाकार केला, आकडे जुळले की काम संपले, अशी समजूत व्यापारात रूढ आहे. परंतु विकत घेणारा मनुष्य डॉलर कमावीत नाही. तो आपल्या पगारातून पैसे मोजतो, आणि पगार म्हणजे अखेर कामाचे तास. स्वित्झर्लंडमधील यूबीएस या बँकेने १९७१ पासून जगातील मोठ्या शहरांतील किमती आणि मिळकती यांची तुलना चालविली, ती याच दृष्टीने. तिच्या २०१५ सालच्या पाहणीत एका आयफोनसाठी झुरिक येथील सरासरी नोकरदाराला सुमारे २१ तास काम करावे लागत होते, तर कीव शहरातील नोकरदाराला सहाशे तासांहून अधिक. मुंबईचा आकडा साडेतीनशेच्या आसपास होता.

हेच माप व्हिडिओ गेमला लावून पाहिले म्हणजे चित्र अधिकच स्पष्ट होते. भाजीपाला, घरभाडे, न्हाव्याची मजुरी या गोष्टी गरीब देशात आपोआप स्वस्त असतात. कारण त्यांची किंमत तेथल्याच मजुरीवर ठरते. गेमचे तसे नाही. तो परदेशात तयार होतो, त्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो आणि तोच भाव पुढे निरनिराळ्या देशांच्या चलनांत उतरतो. भारतात २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ आला, तेव्हा त्याच्या मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपये होती. अमेरिकेत ती ७० डॉलर होती. विनिमयाच्या दराने पाहता यात अन्याय काहीच नाही. फक्त दोन्हीकडचे पगार त्या दराने जुळत नाहीत, एवढेच.

या विषमतेचे सर्वांत बोलके उदाहरण ब्राझिलचे आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ४ हा कन्सोल अमेरिकेत ३९९ डॉलरला विक्रीस आला. त्याच महिन्यात ब्राझिलमध्ये त्याची किंमत ठेवण्यात आली ३,९९९ रेआल. त्या वेळच्या भावाने हे अठराशे डॉलरच्या वर, म्हणजे अमेरिकन किमतीच्या साडेचार पट होतात. यावर तेथे मोठी ओरड झाली व ती रास्तच होती. परंतु खरे अंतर याहून पुष्कळ मोठे होते. ब्राझिलचे किमान वेतन त्या वर्षी महिना ६७८ रेआल होते. आठवड्याचे ४४ तास धरून महिन्याचे २२० तास मोजले, तर किमान वेतनावरील कामगाराला या एका यंत्रासाठी सुमारे १,३०० तास राबावे लागले असते. म्हणजे जवळजवळ सहा महिने, आणि त्या काळात अन्नावर व निवाऱ्यावर छदामही खर्च न करता! अमेरिकेत संघराज्याचे किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर होते; तेथील कामगाराचे ५५ तास पुरले असते. विनिमयाच्या दराने साडेचार पट दिसणारे अंतर तासांच्या मापाने तेवीस पटींच्याही वर जाते.

सोनीने आपल्या बचावासाठी किमतीची फोड जाहीर केली. तीत सुमारे ६३ टक्के रक्कम करांची होती. ब्राझिलचे आयात धोरण कडक आहे यात शंका नाही. पण मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हा अमेरिकेत शंभर डॉलरने महाग असलेला कन्सोल ब्राझिलमध्ये २,३०० रेआलच्या आत मिळू लागला, तेव्हा सगळा दोष सरकारच्या पदरात टाकणे अवघड झाले. मायक्रोसॉफ्टने आपल्या आधीच्या यंत्राची जुळणी २०११ पासून ब्राझिलमध्येच सुरू केली होती. पुढे २०१५ मध्ये सोनीनेही प्लेस्टेशन ४ तेथेच बनविण्यास आरंभ केला आणि किंमत २,५९९ रेआलवर आली. निन्टेन्डोने मात्र त्याच वर्षी जानेवारीत चढ्या आयातकरांचे कारण देऊन आपले यंत्र-वितरण बंद केले.

अशा परिस्थितीत सामान्य ब्राझिली मुले खेळत तरी काय होती? याचे एक उत्तर टेकटॉय या देशी कंपनीने दिले. १९८९ मध्ये तिने सेगाचा मास्टर सिस्टिम हा कन्सोल आणला. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मानाउस या करसवलतीच्या शहरी तो तयार होई. कंपनीने एका जपानी गेममधील नायक बदलून त्याच्या जागी मॉनिका ही चित्रकथांतील लाडकी ब्राझिली मुलगी बसविली. अन्यत्र अडगळीत गेलेले हे यंत्र ब्राझिलमध्ये दशकानुदशके विकले गेले. दुसरे उत्तर पराग्वेच्या सीमेवरून चोरवाटेने येणाऱ्या मालात आणि नकली तबकड्यांत होते. प्लेस्टेशन २ अधिकृतपणे ब्राझिलमध्ये पोहोचला तो २००९ साली, जपानमधील आगमनानंतर नऊ वर्षांनी. तोवर तो असंख्य घरांत खेळून जुना झाला होता.

यंत्र जहाजातून येते, त्यावर जकात बसते. येथवर समजण्यासारखे आहे. पण इंटरनेटवरून थेट उतरवून घेण्याच्या गेमची आणखी एक प्रत काढावयास खर्च जवळजवळ शून्य. तेव्हा प्रत्येक देशात त्याच्या मिळकतीप्रमाणे वेगळा भाव लावणे विक्रेत्याला शक्य असते आणि हिताचेही असते. न विकल्या गेलेल्या प्रतीपेक्षा स्वस्तात विकलेली प्रत बरी. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या दुकानाने हे धोरण अनेक देशांत राबविले. अर्जेंटिनात पेसोमध्ये आणि तुर्कस्तानात लिरामध्ये गेम फारच स्वस्त मिळू लागले. दोन्ही चलने घसरत होती, त्यामुळे ते आणखी स्वस्त भासू लागले.

आणि मग श्रीमंत देशांतील गिऱ्हाईक या खिडकीशी येऊन उभे राहिले. व्हीपीएनच्या साहाय्याने आपण ब्वेनोस आयरेसमध्ये किंवा इस्तंबूलमध्ये आहोत असे भासवून युरोप-अमेरिकेतील खेळाडू तेथल्या भावाने खरेदी करू लागले. २०२२ मध्ये व्हॉल्व्हने या देशांसाठी सुचविलेले भाव एकदम कित्येक पटींनी चढविले. २० नोव्हेंबर २०२३ पासून पेसो आणि लिरा ही चलनेच दुकानातून काढून टाकली. कारण देण्यात आले ते विनिमयदरातील चढउतारांचे, आणि ते खोटे नव्हते. अर्जेंटिनात त्या वर्षी भाववाढ २११ टक्क्यांवर गेली. दोन्ही प्रदेशांसाठी डॉलरमध्ये कमी भाव सुचविण्यात आले. पण ते लावावयाचे की नाही हे प्रकाशकाच्या मर्जीवर राहिले. ज्याने वेगळा भाव ठरविला नाही, त्याच्या गेमला सरळ अमेरिकन किंमत लागू झाली.

त्या महिन्यात तुर्कस्तानातील किमान वेतन हाती ११,४०२ लिरा पडत होते आणि एका डॉलरला अठ्ठावीस-एकोणतीस लिरा मोजावे लागत होते. साठ डॉलरचा गेम पुऱ्या किमतीने घेणाऱ्या तरुण कामगाराचा महिन्याचा सहावा-सातवा हिस्सा, म्हणजे चार-साडेचार दिवसांची कमाई, त्यात जाई. न्यूयॉर्क किंवा बर्लिनमध्ये बसून इस्तंबूलचा पत्ता देणाऱ्याचे मात्र फारसे बिघडले नाही. त्याला त्याच्या देशात जो भाव होता, तो आता पुन्हा द्यावा लागला.